उंबऱ्याचा आकडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं रस्त्यात भेटली की "काय, बरं आहे ना?" असं विचारत नाहीत. "किती झालं?" असं विचारतात. समोरचाही जराही न अडखळता सांगतो, "अडतीस. सकाळी छत्तीस होतं." बाहेरगावच्या माणसाला वाटावं, घरात कोणाला ताप आहे. हा आकडा असतो आयर्विन पुलापाशी मोजलेल्या कृष्णेच्या पातळीचा, फुटांमध्ये. १९२९ साली वाहतुकीला खुला झालेला हा पूल आमच्या गावाचा थर्मामीटरच आहे म्हणा ना. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका पातळी. कोल्हापूरकरांचा आकडा राजाराम बंधाऱ्यावरचा. तिथे इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ फुटांना.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो म्हणजे आपल्या घराला पुराचा धोका किती, आणि त्या धोक्याचा विमा कसा उतरवायचा. पंचवीसहून अधिक वर्षं मी विमा सर्व्हेअर म्हणून काम केलं. आग लागली, पूर आला, चोरी झाली, की नुकसान किती झालं हे बघायला जो वहीपेन्सिल घेऊन येतो, तो माणूस मी. लोकांना हा माणूस फारसा आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आज सांगणार आहे ते केवळ कामातून शिकलेलं नाही. त्यातलं बरंचसं स्वतःच्या घरात चिखल उपसताना शिकलो, आणि काही माझ्या ताईच्या घरात.

आधी आकड्याचं बघू. ४५ फूट म्हणजे तुमच्या दारात ४५ फूट पाणी नव्हे. नदीतल्या पट्टीवर जिथे शून्य धरलेलं आहे तिथपासूनची ती उंची. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा दुसराच असतो. पुलाजवळ किती फूट झालं म्हणजे आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं, तो आकडा. माझं घर मारुती चौकाच्या मागे आहे. पुलावर ५० झाले की आमच्या पहिल्या पायरीला पाणी लागतं आणि ५२ झाले की घरात येतं. ताईचं घर गावभागात, जोतं कमी. तिच्या घरात ५० लाच पाणी. २००५ च्या पुरात पुलाची पातळी ५३ फुटांच्या पुढे गेली. माझ्याकडे गुडघ्यापर्यंत आणि तिच्याकडे कमरेच्या वर पाणी होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्याही वर गेली. वजाबाकी तुम्हीच करा.

ही वजाबाकी आधी केलेली असली तर माणूस शहाणपणाने वागतो. पण तिच्यातही एक खोट आहे, आणि ती २०१९ ने आम्हाला दाखवली. २००५ नंतर सगळ्या गावाने भिंतीवरची ती जुनी रेघ प्रमाण मानली होती. "पाच सालाला इथवर आलं होतं, त्याच्या वर फूटभर ठेवा सगळं, काही होत नाही." ताईनेही तेच केलं. गव्हाची कोठी, शिलाई मशीन, गाद्या, सगळं टेबलावर आणि कपाटावर चढवलं आणि ती माझ्याबरोबर मिरजेला निघाली. पाणी जुन्या रेघेच्या साडेतीन-चार फूट वर गेलं. आठवड्याहून जास्त दिवसांनी आम्ही दार उघडलं, तेव्हा शिलाई मशीन दुसऱ्याच खोलीत होतं.

सांगलीचं पाणी असं का चढतं, हे थोडक्यात सांगतो. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं. वारणा आमच्या अगदी शेजारी, हरिपुरात मिळते. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते. सह्याद्रीवरून धो धो उतरलेलं हे सगळं पाणी इथे आल्यावर एकदम सपाट मुलखात शिरतं. पात्र वळणावळणाचं, उतार अगदी बेताचा. खालच्या संगमावर पंचगंगा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकायला मागतं आणि वाट मिळत नाही. मग फुगवटा मागे येतो. आलमट्टीचा वाद मी इथे काढत नाही. तो तज्ज्ञांच्या समित्यांनी केला आहे आणि चहाच्या टपरीवर अजून चालू आहे. घरमालकाला एवढं पुरे, की आमचा पूर हळू चढतो आणि हळू उतरतो. चढायला दिवस लागतात, म्हणून माणसं वाचवता येतात. उतरायलाही दिवस लागतात, म्हणून घरं वाचत नाहीत.

हीच गोष्ट चिपळूणला उलटी. वाशिष्ठी सह्याद्रीच्या कड्याखालून निघते आणि लगेच खाडीला लागते. वरून मुसळधार आणि खालून भरती असा प्रसंग आला की काही तासांत बाजारपेठ पाण्याखाली. २२ जुलै २०२१ ला तेच झालं. मुंबईची तऱ्हा आणखी निराळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नदीपासून लांब राहणाऱ्यांच्याही घरात पाणी शिरलं, कारण ते पाणी आकाशातून पडलं होतं आणि त्याला जायला जागा नव्हती. तेव्हा "आमच्या आसपास नदीच नाही" हे काही उत्तर नव्हे. आमच्या सांगलीतही नदी शांत असताना नुसत्या पावसाच्या पाण्याने तुंबणाऱ्या वसाहती आहेत. तिथे पुलाचा आकडा काहीच सांगत नाही.

नवं घर घेताना बिल्डर रेषांबद्दल बोलतो, किंवा बोलत नाही. जलसंपदा विभागाच्या नकाशांवर नदीकाठाने दोन रेषा आखलेल्या असतात, निळी आणि तांबडी. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकामाला मनाई. तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधता येतं. आता या "शंभर वर्षांतून एकदा"ने जितका घोटाळा केला आहे, तितका दुसऱ्या कुठल्या शब्दाने केला नसेल. लोकांना वाटतं, २०१९ ला येऊन गेला, आता आपल्या नातवंडांनी बघायचं. तसा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात एक, एवढी शक्यता, आणि ती दरवर्षी नव्याने. मागच्या वर्षी आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. २०१९ नंतर दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुलावर पुन्हा ५५ च्या आसपास पाणी होतं.

हिशेबच मांडायचा तर असा. तुम्ही तांबड्या रेषेवर घर घेतलं आणि तीस वर्षं राहिलात, तर त्या काळात एकदा तरी पाणी दाराशी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. चारात एक. निळ्या रेषेवरचं घर असेल तर तीच शक्यता सुमारे ७१ टक्के. म्हणजे न येणंच नवलाचं. आणि ही रेषा आखली गेली तेव्हाच्या नोंदींवर. नंतर झालेले भराव, नव्या वसाहती, बुजवलेले ओढे तिच्यात असतीलच असं नाही. म्हणून नकाशा बघाच, पण त्याच्याबरोबर गल्लीतल्या सर्वांत जुन्या किराणा दुकानदाराला विचारा. त्याने पोती किती वेळा वर चढवली, हे तो तारखेसकट सांगतो.

आता विम्याकडे येतो.

२००५ साली मी स्वतः विम्याशिवाय होतो. हसू नका. रोज दुसऱ्यांच्या पॉलिसी वाचणारा माणूस, आणि स्वतःच्या घराची पॉलिसी नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या पुरानंतर मी गावभर लोकांच्या नुकसानीच्या याद्या करत हिंडत होतो आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचा चिखल काढत होतो. त्याच वेळी एका व्यापाऱ्याची पॉलिसी हातात आली. हप्त्यात थोडी सूट मिळावी म्हणून त्याने पूर-वादळाचा धोका त्यातून वगळून घेतला होता. तेव्हा तशी सोय होती. त्याने वाचवलेली रक्कम त्याच्या एका दिवसाच्या गल्ल्याहूनही कमी होती.

२००६ साली मी पॉलिसी घेतली. इमारतीची विमा रक्कम सहा लाख. दरवर्षी हप्ता भरत गेलो आणि रक्कम वाढवायची विसरलो. सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी, सगळं वाढत होतं. २०१९ ला तेच घर पुन्हा बांधायचं तर बारा लाख लागले असते. पुराने माझं दोन लाखांचं नुकसान केलं आणि मला मिळाले एक लाख. यात कोणी मला फसवलं नाही. बारा लाखांच्या वस्तूचा सहा लाखांचा विमा म्हणजे निम्मा धोका मी स्वतःकडे ठेवला, म्हणून नुकसानही निम्मं माझं. याला आमच्या धंद्यात सरासरीचा नियम म्हणतात. हा नियम मी शेकडो लोकांना समजावून सांगितलेला होता.

ताईचं प्रकरण यापेक्षा वाईट. भावजींनी घरासाठी एका बँकेचं कर्ज काढलं होतं, आणि बँकेने कर्जाबरोबर विमाही उतरवला होता. भावजी गेले, ताईने हप्ते फेडले, २०१८ ला कर्ज संपलं. त्याबरोबर विमाही संपला, आणि हे तिला कोणी सांगितलं नाही. २०१९ ला पाणी उतरल्यावर ती मोठ्या विश्वासाने फाइल घेऊन माझ्याकडे आली. "अरे, माझा विमा आहे ना? बघ बरं." मी बघितलं. मुदत संपलेली होती. आणि ती चालू असती तरी त्यात फक्त इमारत होती. घरातल्या एका भांड्याचाही विमा कधी उतरवलेला नव्हता. कर्ज देणाऱ्याला भिंतींची काळजी असते, तुमच्या गाद्यांची नसते. ताई मला एवढंच म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना रे हे सगळं?" मी एकदाही तिची फाइल मागून बघितली नव्हती.

तेव्हा गृहकर्ज असलेल्यांनी आज घरी जाऊन एवढं बघा. विमा कशाचा आहे, नुसत्या इमारतीचा की सामानाचाही? किती रकमेचा? मुदत कधी संपते? तुमची फाइल बँकेत असेल तर प्रत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी एक सरळ पॉलिसी आली, 'भारत गृह रक्षा'. विमा नियामक प्राधिकरणाने ती ठरवून दिली. कोणत्याही कंपनीकडे जा, मूळ मजकूर तोच. पूर, वादळ, भूस्खलन, भूकंप, आग हे सगळं त्यात मुळातच येतं. पुरासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ताईचा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि तो फोनवर तिला सांगत होता की घराच्या विम्यात पूर नसतो, तो निराळा घ्यावा लागतो. त्याच्याकडे ते खरं आहे. अमेरिकेत १९६८ पासून पुराच्या विम्याचा स्वतंत्र सरकारी कार्यक्रम आहे. आपल्याकडे तसं नाही.

विमा रक्कम कशी काढायची, तर घराचं चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा चौरस फुटाचा दर. ताईचं घर ५०० चौरस फुटांचं, दर १,६०० रुपये धरला, झाले आठ लाख. जागेची किंमत यात धरायची नाही. पुराने जमीन वाहून नेली तरी तिचा विमा नसतो, म्हणून "माझं घर पन्नास लाखांचं आहे" हा आकडा इथे कामाचा नाही. इमारतीचा विमा घेतला की सामानासाठी त्याच्या २० टक्के रक्कम आपोआप मिळते, कमाल दहा लाखांपर्यंत. ताईच्या बाबतीत १ लाख ६० हजार. यापेक्षा जास्त सामान असेल तर यादी देऊन वाढवून घ्यायचं. दागिने आणि मौल्यवान वस्तूंचा विमा वेगळा मागावा लागतो. रोख पैसे आणि वाहन यात येत नाहीत. जो सरासरीचा नियम मला नडला, तो या पॉलिसीत काढून टाकला आहे. पण म्हणून रक्कम कमी लावू नका. कंपनी विमा रकमेच्या वर काही देत नाही. घर राहण्याजोगं नसेल त्या काळात दुसरीकडे घेतलेल्या जागेचं भाडंही मिळतं, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पूर आल्यापासून सात दिवसांच्या आत त्या गोंधळात चोरी झाली, तर तीही धरली जाते.

काय मिळत नाही तेही ऐका. दरवर्षी गच्चीतून झिरपणारं पाणी म्हणजे पूर नव्हे. ती देखभालीची बाब. नदीने काठ कातरत नेला आणि त्यामुळे घर खचलं, तर तेही यातून वगळलेलं आहे. काठावरच्या लोकांनी हे कलम दोनदा वाचावं. जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंती असतील तर अर्जात तसंच लिहा. एजंट म्हणेल, "पक्कं बांधकाम लिहू, कोण बघतंय?" पाणी उतरल्यावर मीच येणार असतो बघायला. आणि पुलावर ४२ झाल्यावर विम्याच्या कार्यालयाकडे धावू नका. विमा होऊ शकणाऱ्या नुकसानीचा असतो, होऊ घातलेल्या नुकसानीचा नसतो. पॉलिसीची तारीख मेमध्ये पडेल असं बघा. ऑगस्टमध्ये नूतनीकरण आलं की नेमकं तेव्हाच दुकान बंद, लाइट नाही, आणि पॉलिसी कपाटावर, पाण्याच्या दोन इंच खाली.

हप्त्याचं विचाराल, तर माझ्या घराचा वर्षाचा हप्ता दोन माणसांच्या हॉटेलातल्या एका जेवणाइतका आहे.

दावा करताना होणाऱ्या चुका मी बाहेरून फार पाहिल्या. पाणी उतरलं की पहिली ओढ असते घर धुण्याची. साहजिक आहे, तो वास सहन होत नाही. पण झाडू उचलण्याआधी मोबाइल उचला. भिंतीवरची चिखलाची रेघ, शेजारी उभी धरलेली मोजपट्टी, प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, फ्रिजच्या मागची मॉडेल नंबरची पट्टी. कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोनवर आणि लेखीही. सडलेलं धान्य ठेवून रोगराई ओढवून घेऊ नका. फोटो काढा, पोती मोजा आणि टाका. पण मशीन, मोटर, कपाट हे सर्व्हेअर बघेपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. भंगारवाला सर्व्हेअरच्या आधी पोहोचतो, हा माझा अनुभव आहे. तलाठ्यांचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो आणि विम्याचा सर्व्हे वेगळा. एक झाला म्हणून दुसरा सोडू नका. आणि अंतिम सही करण्याची घाई करू नका. प्लायवूड पंधरा दिवसांनी फुगतं, मातीची भिंत पाणी उतरून ऊन पडल्यावर ढासळते. तसं दिसलं तर लगेच पुन्हा कळवा.

दावा नाकारला किंवा कमी मंजूर केला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत. आपल्या भागासाठी त्यांचं कार्यालय पुण्याला. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. सर्व्हेअर असूनही सांगतो, आम्हीही चुकतो.

ताईची पॉलिसी मी २०२१ च्या जूनमध्ये काढली. जुलैत पाणी आलं. तिच्या घरात पाच फूट. या वेळी माळ्यावर ठेवलेलं सगळं कोरडं राहिलं. खाली राहिलेलं कपाट आणि फ्रिज गेला. भिंतींचं प्लास्टर, वायरिंग, दारं आणि या दोन वस्तू मिळून दावा केला आणि त्यातला बहुतेक भाग मंजूर झाला. नियमाप्रमाणे तिच्याकडे सर्व्हेला मी नव्हतो, दुसरे गृहस्थ आले होते. तिने त्यांना चहा दिला आणि माझ्यापेक्षा ते बरं बोलतात असं मला सांगितलं.

नंतर घर रंगवलं, तेव्हा तिने रंगाऱ्याला २०१९ ची रेघ बुजवू दिली नाही. दरवाजाच्या चौकटीशेजारी ती अजून दिसते. यंदा जूनमध्ये तिचा फोन आला.

"अरे, पॉलिसी भरलीस का?"

"मेमध्येच भरली."

"आणि पाणी किती झालं?"

"अठरा फूट."

"मग ये चहाला."